कीर्तन कुठवर आलं होतं?

वासुदेवराव महाराज राहतात पिपरी मेघेला, वर्ध्याला लागूनच. आमचं डोंगरसावंगी समुद्रपूरच्याही पुढं, टेकडीच्या खोबणीत. सकाळच्या एस.टी.नं निघालं तर माणूस जेवणाच्या वेळेला पोचतो. महाराजांचा आवाज मात्र आमच्या देवळात येणार होता तो आधी आभाळात जाऊन, तिथं फिरणाऱ्या कुठल्याशा उपग्रहाला शिवून, मग खाली. लीनानं मला हे कितीदा तरी समजावलं. प्रत्येक वेळी मी मान हलवली आणि प्रत्येक वेळी स्वयंपाकघरात जाईपर्यंत ते डोक्यातून निघून गेलं.

लीना माझी सून. पुण्याकडची. साकेतची नोकरी सेवाग्रामला, तो मोटारसायकलवर रोज जाऊन-येऊन करतो. हिची नोकरी पुण्यातल्या कंपनीत, पण ती आमच्या ओसरीतूनच करते. आमच्या गावात मोबाईलला रेंज नाही. बोलायचं असलं तर टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभं राहावं लागतं. म्हणून लग्नानंतर दोघांनी ती उपग्रहाची चौकोनी पांढरी थाळी आणून घराच्या छपरावर बसवली. तिला समोर मोकळं आभाळ लागतं म्हणून कडुनिंबाची एक फांदी छाटली. मग घरात इंटरनेट आलं. आमच्या भिंतीला टेकून अर्धं गाव मोबाईल पाहू लागलं.

भजन मंडळाचे रूपराव, म्हणजे आमचे मृदंगवाले, त्यांना हा प्रकार पटत नव्हता. ते अंगणात उभे राहून थाळीकडे बघायचे.

"वैनी, पिपरी कुकडं हाये?"

"तिकडं."

"अन् हिचं तोंड कुकडं हाये?"

"वर."

"मंग? शेजारच्या घरी जायाले नागपूरवरून जा लागते का मानसाले?"

लीना घरातून म्हणाली, "काका, ती थाळी पिपरीला ओळखतच नाही. ती फक्त आभाळाशी बोलते." त्यावर रूपराव म्हणाले, "मंग तं आपल्यातलीच हाये," आणि तंबाखू मळत निघून गेले. त्यांना खरंच समजलं की त्यांनी नुसती थट्टा केली, ते मला आजही सांगता येणार नाही.

आता महाराजांचं सांगते. चैत्रात हनुमान जयंतीला आमच्या गावचा सप्ताह संपतो आणि काल्याचं कीर्तन वासुदेवराव महाराजांचं असतं. मी सून म्हणून या गावात आले तेव्हापासून त्यांचंच. काल्याची रीत सगळीकडे असते तशी: कीर्तन पूर्ण झालं, महाराजांनी हंडी फोडायची आज्ञा दिली, की मग दही-लाह्यांचा काला वाटायचा. तोवर कोणी तोंडात काही घालत नाही. कीर्तनं मी पुष्कळ ऐकली. मोठमोठ्या मंडपात, चांगल्या गळ्यांची ऐकली. पण महाराज काला सांगतात तसा कोणी सांगत नाही. गवळ्यांची पोरं एकेक शिदोरी सोडतात, आणि एका पोराच्या फडक्यात काहीच नसतं, तो नुसतं फडकं घट्ट धरून बसतो. देव त्याला म्हणतो, सोड. तो सोडत नाही. इथं महाराज थांबतात. किती थांबतील याचा नेम नसतो. सगळा मंडप श्वास धरून बसतो.

तर महाराज माघात न्हाणीत पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आले, खुर्चीत बसू लागले. पण गाडीचा प्रवास डॉक्टरांनी बंद केला. रूपराव आणि मी भेटायला गेलो तर त्यांची लेक नमिता दारातच हळू आवाजात म्हणाली, "काकू, जेवन बरं चाल्लं. पन बाबा गुनगुनत बी नाई. तंबोऱ्यावर कापड टाकून ठेवलं त्यायनं."

मंडळातल्या काही लोकांनी हिंगणघाटाकडचा एक तरुण महाराज पाहून ठेवला होता. मला ते सहन झालं नाही. मी तिथंच बोलून बसले, "महाराज, आमच्या घरी थाळी हाये. तुमी इथून सांगा, आमी तिथं ऐकतो."

महाराजांनी माझ्याकडे पाहिलं. "अन् समोर मानूस नसला तं कीर्तन कोनाले सांगू बाई? भिंतीले?"

"मानूस दिसन महाराज. तुमाले आमी दिसू, आमाले तुमी."

"दिसाले तं मढ्याले बी लोक दिसत असतीन," महाराज म्हणाले. नमिता रागावली. मग ते खिडकीकडे पाहत म्हणाले, "ठीक हाये. एकडाव करून पाहू. लोकाईनं मन लावून ऐकलं तं पुढं पाहू. उठू लागले, चुळबुळ करू लागले, तं समजीन का आपलं सरलं. मंग मले कोनी कीर्तनाचं म्हनू नका. हे शेवटचं."

येताना एस.टी.त रूपराव म्हणाले, "वैनी, तुमी लय मोठी जबाबदारी घेतली." मला तेव्हा कुठं ठाऊक होतं थाळीला काय चालतं आणि काय चालत नाही.

सप्ताह बसायच्या आधी लीनानं एकदा रंगीत तालीम करून पाहिली. ती अगदीच फसली. कीर्तनात महाराज एक चरण म्हणतात आणि मागं उभे असलेले टाळकरी तो उचलतात. महाराज त्या आवाजावर पाय ठेवूनच पुढं जातात. इथं काय व्हायचं, महाराजांनी चरण म्हटला, आमच्या टाळकऱ्यांनी उचलला, आणि तो तिकडं पोचेपर्यंत महाराज पुढं गेलेले. मागून आलेला आवाज ऐकून ते थांबायचे. ते थांबले म्हणून आमचे थांबायचे. मग दोन्हीकडे शांतता. मग दोघं एकदम.

"कोन उशीर करून राह्यलं?" महाराज म्हणाले.

"आमी तं टायमावर हावो!" रूपराव म्हणाले.

"कोणीच उशीर करत नाहीये," लीना म्हणाली. "जायला-यायला थोडा वेळ लागतो, एवढंच."

"मंग तो वेळ कोनाचा धराचा?" रूपरावांनी विचारलं.

शेवटी लीनानंच तोड काढली. महाराजांना आमचा आवाज ऐकूच जाऊ द्यायचा नाही. ते म्हणतील, आम्ही साथ करू. त्यांना आम्ही नुसते दिसू. महाराज नाखुशीनं हो म्हणाले. तालीम संपल्यावर लीनाला मी म्हटलं, "म्हणजे ते सांगतील आणि आपण ऐकतोय की नाही ते त्यांना कळणार कसं?" ती म्हणाली, "चेहऱ्यावरून कळेल ना, आई." खरंच होतं ते.

काल्याच्या दिवशी ऊन असं होतं की देवळाच्या फरशीवर पाय ठेवता येत नव्हता. साकेतनं घरचा मोठा टी.व्ही. आणून सभामंडपात, जिथं महाराज उभे राहतात त्याच जागी, चौरंगावर ठेवला; महाराजांना आम्ही दिसावं म्हणून त्याच्यावर लीनाचा छोटा कॅमेरा. थाळी त्या दिवसापुरती देवळामागच्या ओट्यावर, मोकळ्यात. रूपरावांनी टी.व्ही.ला झेंडूचा हार घातला, चांगला घसघशीत, खालची पट्टी पार झाकून गेली. एवढ्यावर थांबले नाहीत. महाराज दिसायच्या आधीच त्यांनी काचेवर अंदाजानं बुक्का लावला. महाराज दिसले तेव्हा तो बुक्का त्यांच्या नाकावर आला. बायका पदराआड हसल्या. महाराजांना हसू ऐकू गेलं नाही, पण दिसलं असावं, कारण तेही जरा हसले.

आणि नमन सुरू झालं. काय सांगू! आवाज थोडा बारीक झाला होता, पण तोच. डोळे मिटून ऐकलं तर महाराज मंडपातच. रूपरावांच्या मृदंगाला असा हात लागला की मला भरून आलं. लीना माझ्याशेजारी बसली होती. तिचं काल्याचं कीर्तन ऐकण्याची ही पहिलीच वेळ. तिला मी मध्येमध्ये सांगत होते, आता अभंग, आता निरूपण, आता चरित्र लागेल.

चरित्र लागलं. पोरं गाई घेऊन निघाली. शिदोऱ्या सुटू लागल्या. कोणाची भाकर, कोणाचा ठेचा, कोणाचं ताक. महाराजांनी उजवा हात वर उचलला, डोळे मिटले, ओठ थोडे उघडले, आणि थांबले.

टाळकऱ्यांनी मागचा चरण एकदा म्हटला. पुन्हा म्हटला. महाराज हलले नाहीत. टाळ हळू झाले, मग थांबले. रूपरावांनी मृदंगावर एक थाप दिली आणि हात तसाच ठेवला.

मंडपात काहीच आवाज नव्हता. पुढं बसलेल्या म्हाताऱ्यांनी हात जोडले. मग त्यांच्या मागच्यांनी. बघता बघता सगळ्यांनी. महाराजांचा हात वर तो वरच. एक माशी येऊन त्यांच्या गालावर बसली, गालावरून डोळ्यावर गेली. त्यांची पापणी हलली नाही.

मागून एक बाई कुजबुजली, "पाह्य व माय, माशीचं बी भान नाई राह्यलं त्यायले."

"भाव लागला," दुसरी म्हणाली, आणि डोळे पुसू लागली.

माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. पण खरं सांगू का, त्याच वेळी मनात कुठंतरी काहीतरी बसत नव्हतं. महाराज थांबतात ते फडक्यापाशी. फडकं अजून आलं होतं का? मला आठवेना. आलं असावं, कारण तो पोरगा मला दिसत होता, मुठी आवळलेला. की तो गेल्या वर्षीचा? मी लीनाकडे पाहिलं. तिला यातलं कळतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले होते, तिनंही जोडले. म्हटलं, ही निवांत आहे म्हणजे सगळं ठीक आहे.

नंतर तिनं सांगितलं, "आई, मला वाटलं काल्याला असं मौन असतं. तुम्ही सगळेच गप्प होतात. मी नवीन, कशी विचारणार?"

किती वेळ गेला कोण जाणे. हातांना रग लागली. लेकरं हंडीकडे बघत होती, तरी एकही रडलं नाही. आणि मग चित्र एकदम उडालं. हात वर केलेले महाराज नाहीसे झाले आणि त्याच जागी घामानं थबथबलेले, उपरणं खांद्यावरून घसरलेले, डोळे लकाकणारे महाराज आले. ते म्हणत होते, "...अन् त्या दिवसापासून कोनाचं फडकं रिकामं नाई राह्यलं! बोला पुंडलिक वरदे! हंडी फोडा रूपराव!"

रूपराव काठी घेऊन उठले, आणि उभेच राहिले. हंडीकडे पाहिलं, टी.व्ही.कडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"वैनी, हे... झालं?"

"झालं का?" मी लीनाला विचारलं.

लीना एकदम उठली, हार बाजूला सारला, खालच्या पट्टीवरची सूचना वाचली, तोंडावर हात घेतला. "अरे देवा. आई, नेट गेलं होतं!"

मग जो गलका झाला! सगळे एकदम टी.व्ही.शी बोलू लागले. महाराजांना ऐकू जात नव्हतं, त्यांना फक्त हलणारे हात आणि उघडी तोंडं दिसत होती. त्यांचा चेहरा उतरू लागला. "काय झालं? चुकलं काई?" ते म्हणाले. लीनानं धावत जाऊन आवाज चालू केला, तर सगळा गलका एकदम तिकडं गेला असावा. महाराजांनी कानांवर हात ठेवले.

"चूप बसा सारे!" रूपराव ओरडले. मग ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "वैनी, तुमीच सांगा. तुमीच आनलं हे."

मला खोटं बोलता आलं असतं. लय छान झालं महाराज, असं म्हटलं असतं तर तो माणूस त्या रात्री पोटभर जेवला असता. पण कीर्तनाच्या जागेवर उभं राहून कसं बोलायचं? मी टी.व्ही.समोर गेले.

"महाराज, आमी नाई ऐकलं. मंधातच तुमी दिसाचे थांबले. म्हंजे दिसत होते, पन हलत नोते. आमाले वाटलं भाव लागला. आमी हात जोडून बसून राह्यलो."

महाराज काही बोलले नाहीत. इतका वेळ बोलले नाहीत, की रूपरावांनी लीनाला विचारलं, "पुन्हा अटकले का?"

"नाही काका. चालू आहे."

"तुमी सारे बसून होते?" महाराजांनी विचारलं. "कोनी उठलं नाई?"

"कोनी नाई. लेकरं बी नाई."

"मले बी तुमी तसेच दिसत होते," महाराज हळूहळू म्हणाले. "हलत नोते. कोनी जांभई बी देत नोतं. मी म्हनलो, या गावानं इतकं मन लावून कधीच ऐकलं नाई. मले अशी ताकद चढली बाई, का मी नवं नवं सांगत गेलो. कुठून येत होतं मलेच मालूम नाई." ते थांबले. "मंग मी कोनाले सांगितलं?"

मला वाटलं, संपलं. आता ते म्हणतील, नमिता, बंद कर.

तेवढ्यात देवळाच्या मागच्या बाजूनं रामबाई आली. आमच्या शेजारची, थाळीशेजारी देवळाच्या सावलीला बसून भाजी निवडत होती. तिच्या हातात निथळणारं पोतं.

"पोतं सुकलं होतं म्हनून पुन्हा भिजवून आनलं," ती म्हणाली. सगळे तिच्याकडे पाहू लागले तशी ती गोंधळली. "काय झालं व? काऊन पाहून राह्यले?"

"कशाचं पोतं, रामबाई?"

"त्या थाळीवर टाकलं होतं. हात लावला तं चटका बसला, बाई! उन्हानं पार तापली होती. महाराजाईचा आवाज तिच्यातून येते म्हंते, अन् तिले कोनी सावली बी केली नाई. रांजनावर टाकतो तसं ओलं पोतं टाकलं."

लीना तिच्याकडे पाहतच राहिली. थाळीला ओलं पोतं म्हणजे आभाळच बंद, हे तिनं मला नंतर सांगितलं. पोतं उन्हात सुकलं तेव्हा नेट परतलं. पण त्या वेळी तिनं नुसतं पुढं होऊन रामबाईच्या हातातलं पोतं घेतलं आणि खांबापाशी ठेवलं.

"काय म्हनते थे बाई?" टी.व्ही.तून महाराजांनी विचारलं.

रूपरावांनी सांगितलं. महाराज ऐकत राहिले. मग त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडतात. ते हसत होते. खुब्याला हात लावून, आई गं आई गं करत हसत होते. मागून नमिता कोणाला तरी म्हणत होती, "अहो, बाबा हसून राह्यले!"

"बरं," महाराज डोळे पुसत म्हणाले. "कुठवर ऐकलं ते सांगा. तिथून धरतो."

आणि इथं खरा घोळ झाला.

"ताकापाशी," रूपराव म्हणाले.

"काय गा? ताक तं झालं होतं. पोरं बसली होती गोल," एक टाळकरी म्हणाला.

"कुठची बसली? अजून गाईच पानी पेऊन राह्यल्या होत्या."

"फडकं आलं होतं," पुढच्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं. "मी सोताच्या कानानं ऐकलं. देव म्हने, सोड."

"फडकं नाही आलं, आजोबा," लीना म्हणाली. "मी तर त्याची वाट बघत होते. आईंनी सांगितलं होतं."

सगळे माझ्याकडे वळले. "वैनी, तुमी सांगा."

मला तर पूर्ण काला ऐकू आला होता, पोरानं फडकं सोडेपर्यंत. तो कोणी सांगितला, कधीचा, ते मला ठाऊक नव्हतं.

"मले नाई सांगता येत महाराज," मी म्हटलं.

"वा रे गाव!" महाराज म्हणाले. "अन् रामबाई? तुमी कुठवर ऐकलं?"

रामबाई पदर सारखा करत पुढं आली. "मी नाई ऐकलं काईच, महाराज. मी तिकडंच होती, थाळीपाशी. तिकडं तुमचा आवाज नोता येत."

"नमन बी नाई?"

"नाई."

"मंग नमनापासूनच," महाराज म्हणाले. "बसा बाई, समोर बसा. नमिता, पानी दे."

"बाबा, पुन्हा? दमान तुमी."

"दमलो तं दमलो."

लीनानं विचारलं, "महाराज, आमचा आवाज बंद करू का? तुम्हाला त्रास होईल."

"राहू द्या. उशिरानं आला तं आला. मी थांबीन."

रामबाईसाठी पुढं जागा केली. रूपरावांनी काठी भिंतीला टेकवून मृदंग पुन्हा मांडीवर घेतला. लेकरांनी हंडीकडे पाहून उसासे टाकले, तेव्हा मी त्यांना मुठी-मुठीनं लाह्या वाटल्या. दह्याला हात लावला नाही. रीत मोडली की नाही, मला सांगता येत नाही. मग राहवलं नाही म्हणून टी.व्ही.जवळ वाकून मी विचारलं, "महाराज, तुमी ते म्हनले होते... शेवटचं म्हनून... कीर्तन बंद करतो म्हनून..."

महाराजांनी कानाला हात लावला, कपाळाला आठ्या घातल्या.

"बाई, तुमचा आवाज तुटून राह्यला," ते म्हणाले. "काईच ऐकू नाई येत."

आणि त्यांनी नमन धरलं.